सत्तर-तीस गेले, पुढे काय?

महाराष्ट्रात वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाचा प्रश्न हा निव्वळ गुणांचा प्रश्न कधीच नव्हता. विद्यार्थ्याला गुण किती मिळाले, याच्याइतकेच तो बारावीच्या परीक्षेला कोणत्या गावच्या महाविद्यालयातून बसला, यालाही आपल्या राज्यात सुमारे साडेतीन दशके महत्त्व होते. दि. ८ सप्टेंबर २०२० रोजी तत्कालीन वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी 'सत्तर-तीस'चे सूत्र रद्द झाल्याची घोषणा विधिमंडळात केली आणि हे प्रकरण मिटले. घोषणा करणारे मंत्री लातूरचे होते, मागणीचा जोरही लातूर-नांदेडचाच होता; मराठवाड्यात निर्णयाचे स्वागत झाले ते स्वाभाविकच होते. आता काही वर्षे लोटली आहेत. त्या निर्णयाने मराठवाड्याला काय मिळाले आणि काय मिळावयाचे राहिले, याचा हिशेब शांतपणे मांडावयास हरकत नसावी.

प्रथम हे सूत्र काय होते ते पाहू. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे राज्याचे तीन विभाग कल्पिलेले. राज्याच्या वाट्याच्या वैद्यकीय जागांपैकी शेकडा ७० जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी आणि ३० जागा अन्य विभागांतून येणाऱ्यांसाठी, अशी ही वाटणी होती. विभाग ठरत असे तो जन्मगावावरून नव्हे, वडिलांच्या सातबारावरूनही नव्हे. बारावी कोठून उत्तीर्ण झाला, यावरून. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या तपशिलातच पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ होते, हे पुढे दिसेल.

हे सूत्र कोण्या पुढाऱ्याच्या लहरीतून निघालेले नव्हते. स्वतंत्र भारतात वैद्यकीय जागांची भौगोलिक वाटणी हा न्यायालयांपुढे वारंवार आलेला विषय आहे. मद्रास राज्याने जिल्हावार जागा वाटल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये राजेंद्रन खटल्यात ती पद्धत अवैध ठरविली. तीनच वर्षांनी, १९७१ मध्ये, म्हैसूर राज्याच्या चंचला खटल्यात विद्यापीठवार वाटणी मात्र न्यायालयाने ग्राह्य धरली. १९८४ मध्ये प्रदीप जैन खटल्याचा निकाल आला. राज्याने आपल्या रहिवाशांसाठी जागा राखून ठेवाव्यात, पण त्यालाही मर्यादा असावी, काही हिस्सा साऱ्या देशासाठी खुला असावा, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले. तो हिस्सा दोन वर्षांनी एकूण जागांच्या शेकडा १५ असा निश्चित झाला. आज आपण ज्याला राज्याचा ८५ टक्के कोटा म्हणतो, त्याचे मूळ येथे आहे. आणि १९८६ मध्येच, निदामर्ती महेशकुमार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, आपल्या राज्याची तेव्हाची विभागवार प्रवेशपद्धती न्यायालयासमोर आली. सर्व जागा विभागापुरत्या बंद करणे न्यायालयाला मान्य झाले नाही. तथापि विभागाविभागांत शैक्षणिक सोयींची विषमता आहे हे वास्तव ओळखून शेकडा ७० पर्यंत जागा विभागासाठी राखण्यास मुभा मिळाली. किमान ३० इतर विभागांना खुल्या ठेवाव्यात, असे बंधन आले. सत्तर-तीसचे आकडे हे असे न्यायालयाच्या दालनातून आलेले आहेत.

त्या काळी मराठवाड्याला संरक्षणाची गरज होती, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. निजामाच्या राजवटीत येथील मुलाला उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. औरंगाबादेत १९२३ साली निघालेले एक इंटरमिजिएट कॉलेज सोडले, तर पदवीची वाट गावाबाहेरूनच जात असे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र बदलू लागले. १९५० मध्ये औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज उभे राहिले. १९५६ मध्ये औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे आहे, एवढे ध्यानात घेतले म्हणजे या शर्यतीत कोण किती अंतर मागून निघाले, हे निराळे सांगावे लागत नाही. पुढे सत्तरीच्या दशकात अंबाजोगाईला ग्रामीण भागातील वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९८८ मध्ये नांदेडला, आणि लातूरला तर थेट २००२ मध्ये. अशा प्रदेशातील मुलाने पुण्या-मुंबईच्या मुलाशी एकाच यादीत झुंजावे, असे १९८६ साली म्हणणे म्हणजे समतेच्या नावाने विषमतेवर शिक्का मारणे झाले असते.

मग लातूरने सगळा हिशेबच बदलून टाकला.

'लातूर पॅटर्न' या शब्दाचा आता इतका चोथा झाला आहे, की त्यामागील मूळ उद्योग विस्मरणात जाऊ पाहतो. १९८२ पर्यंत लातूर हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. डाळींची आणि तेलबियांची आडत ही या शहराची ओळख. अशा गावी १९६१ साली दयानंद महाविद्यालय आणि १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे, पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचेही पहिले कुलगुरू झाले. प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्यासारख्या मंडळींनी बारावी विज्ञानाच्या वर्गावर जे काम केले, त्यात चमत्कार कसलाच नव्हता: अभ्यासक्रम वेळेआधी संपविणे, उरलेल्या काळात प्रश्नपत्रिकांचा अखंड सराव, प्रत्येक चाचणीची उत्तरपत्रिका तपासून विद्यार्थ्याच्या हाती परत देणे, आणि प्राध्यापकाने तासिकेच्या घंटेकडे न पाहता शिकविणे. शिक्षक वाचकांना हे वाचून हसू येईल. कारण हे तर प्रत्येक महाविद्यालयाच्या नियमावलीत लिहिलेलेच असते. लातूरने ते केले, एवढेच. उच्च माध्यमिक मंडळाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे झळकू लागली. या यशाभोवती पुढे खाजगी शिकवण्यांची जी बाजारपेठ उभी राहिली, तिचा गुणगौरव करण्याचे येथे प्रयोजन नाही. २०२४ च्या नीट परीक्षेतील गैरप्रकारांच्या तपासात लातूरचेही नाव निघाले, तेव्हा त्या बाजारपेठेची दुसरी बाजू सर्वांनी पाहिली. परंतु मूळ यश खरे होते, आणि त्याचा परिणामही खरा होता.

परिणाम असा झाला की, मागासलेल्या विभागाचे संरक्षण म्हणून घातलेले कुंपण त्याच विभागातील हुशार विद्यार्थ्याच्या आड येऊ लागले. हिशेब सोपा आहे. कुंपणाचा फायदा त्यालाच होतो, ज्याच्या आवारात जागा पुष्कळ आणि उमेदवार बेताचे असतात. मराठवाड्यात नेमके उलटे होऊ लागले. सूत्र रद्द झाले तेव्हाच्या चर्चेत जे आकडे पुढे आले, त्यांनुसार मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालये ६, विदर्भात ८ आणि उर्वरित महाराष्ट्रात २३ होती. लोकसंख्येच्या तराजूत तोलले तर हे प्रमाण फारसे अन्यायाचे दिसत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याच्या शंभरांतील सोळा-सतरा माणसे मराठवाड्यातील, आणि ३७ पैकी ६ महाविद्यालये म्हणजे शेकडा सोळाच. परंतु प्रवेशपरीक्षेला लोकसंख्या बसत नाही, उमेदवार बसतात. चांगले गुण मिळविणारे उमेदवार मराठवाड्यात लोकसंख्येच्या प्रमाणाहून अधिक निघू लागले, आणि त्यांपैकी अनेक जण मराठवाड्याचे नव्हतेच. सोलापूर, अहमदनगर अथवा आणखी दूरचा मुलगा लातूरला अकरावीत दाखल झाला, की बारावीच्या निकषावर तो मराठवाड्याचा होई. उलट नांदेडचा मुलगा पुण्यास शिकावयास गेला, की तो उर्वरित महाराष्ट्राचा. लातूरचे यश लातूरला अशा रीतीने महाग पडले: जितकी कीर्ती वाढली तितके उमेदवार वाढले, आणि जितके उमेदवार वाढले तितकी मराठवाड्याच्या सत्तर टक्क्यांतील शेवटची गुणरेषा वर सरकली. तेवढ्याच गुणांवर पलीकडच्या विभागातील विद्यार्थ्याला प्रवेश मिळे, इकडच्याला मिळत नसे.

भूगोलाने तर या नियमाची थट्टाच केली होती. सोलापूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ सालचे. लातूरहून ते औरंगाबादच्या मानाने सुमारे निम्म्या अंतरावर. लातूर-उस्मानाबादचा रुग्ण वर्षानुवर्षे सोलापूरला जात आला आहे. पण रुग्णाला मोकळी असलेली ही वाट विद्यार्थ्यासाठी परविभागाची होती.

तेव्हा सत्तर-तीस रद्द झाले हे योग्यच झाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण नसताना उरलेले संरक्षण हे संरक्षण राहत नाही. परंतु हा निर्णय कोणाच्या बाजूने झाला, हे नीट पाहिले पाहिजे. तो झाला लातूर-नांदेडच्या वर्गखोल्यांतून तयार होऊन निघणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने. राज्याची एकच यादी झाल्यावर त्याला मुंबई, पुणे, मिरज, सोलापूर सर्व मोकळे झाले. पण यादी एक होते तेव्हा दरवाजे दोन्हीकडून उघडतात. नांदेड, अंबाजोगाई आणि औरंगाबाद येथील जागाही तितक्याच मोकळ्या झाल्या. किनवट, माहूर, जळकोट, देवणी येथील ज्या मुलाला लातूरच्या खोलीचे भाडे आणि शिकवणीची फी परवडत नाही, जो तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातूनच बारावी होतो, त्याची स्पर्धा पूर्वी लातूरशी होती. आता लातूर, पुणे, मुंबई, नागपूर या सर्वांशी आहे. खरे म्हणजे जुन्या सूत्रानेही त्याचे फारसे भले केले नव्हते. मराठवाडा नावाच्या एकाच पोत्यात त्याला आणि लातूरच्या उमेदवाराला घातले होते, आणि पोत्यावरचे नाव पाहून दोघांचे वजन सारखेच धरले जात होते.

येथे शेजाऱ्याकडे जरा पाहावे. जुन्या हैदराबाद संस्थानाचे १९५६ मध्ये तीन तुकडे झाले: तेलंगण आंध्रात गेले, बीदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसुरात, मराठवाडा मुंबई राज्यात. तिन्ही भाग सारखेच उपेक्षित होते. आपल्या उदगीर, अहमदपूर आणि निलंगा या तालुक्यांचा तर १९५६ पर्यंत जिल्हाच बीदर होता. सोयरिकी आजही सीमेच्या दोन्ही बाजूंस आहेत. राज्यघटनेने या तीन तुकड्यांसाठी तीन निरनिराळी कलमे दिली. तेलंगणासह आंध्रसाठी १९७३ च्या घटनादुरुस्तीने ३७१-ड आले, आणि त्याखालील राष्ट्रपतींच्या आदेशाने शेकडा ८५ जागा स्थानिक क्षेत्रासाठी राखल्या गेल्या. हैदराबाद-कर्नाटकासाठी अठ्ठ्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने ३७१-ञ आले. त्याखाली कर्नाटक शासनाने २०१३ मध्ये जी व्यवस्था केली, तिचा तपशील मराठवाड्यातील प्रत्येक शिक्षकाने वाचण्याजोगा आहे. त्या भागातील शिक्षणसंस्थांत शेकडा ७० जागा स्थानिकांना. शिवाय राज्याच्या उर्वरित भागातील संस्थांतही शेकडा ८ जागा त्यांच्यासाठी. आणि स्थानिक कोण, हे ठरते जन्मावरून अथवा दीर्घ अधिवासावरून. बारावीच्या परीक्षाकेंद्रावरून नव्हे.

म्हणजे औरादचा मुलगा आणि उदगीरचा मुलगा आतेमामे भाऊ असतील. आजोबांच्या काळी दोघांचा जिल्हा एक होता. आज औरादच्या भावाला बीदर-गुलबर्ग्यात सत्तर टक्क्यांचा आधार आहे आणि बंगळूरात आठ टक्क्यांचा. उदगीरच्या भावाला आधार आहे तो ३७१ व्या कलमाच्या दुसऱ्या खंडाचा. हा खंड महाराष्ट्राच्या राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकतो: विकास मंडळे स्थापणे, विकासखर्चाचे न्याय्य वाटप, आणि तंत्रशिक्षण व व्यवसायशिक्षणाच्या पुरेशा सोयींची न्याय्य व्यवस्था. शब्द भारदस्त आहेत. पण त्यांत जागांची हमी नाही. विकास मंडळे प्रत्यक्षात आली ती १९९४ मध्ये, म्हणजे कलम घटनेत आल्यानंतर अडतीस वर्षांनी. आणि त्यांची मुदत संपली ३० एप्रिल २०२० रोजी. सत्तर-तीस रद्द झाले त्याच वर्षी, चार महिने आधी. एकाच वर्षी प्रवेशातील संरक्षण गेले आणि सोयींच्या वाटपावर देखरेख ठेवणारे मंडळही गेले. पहिल्यावर मराठवाड्यात आनंद झाला, दुसऱ्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. मंडळांच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला, हे येथे नमूद केले पाहिजे.

कर्नाटकाची व्यवस्था जशीच्या तशी उचलावी, असे सुचविण्याचा हेतू नाही. ज्या विभागाचे विद्यार्थी खुल्या यादीत वर येतात, त्याने पुन्हा विभागीय राखीव जागा मागणे शोभणारही नाही, आणि न्यायालयात टिकणेही कठीण. वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील निवासावर आधारलेले आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये घटनाबाह्य ठरविले आहे. पदवीच्या म्हणजे एम.बी.बी.एस.च्या जागांना त्या निकालाने हात लावला नाही, तरी वारा कोणत्या दिशेचा आहे हे कळते. जमेची बाजूही मांडली पाहिजे. २०२२ मध्ये उस्मानाबाद, २०२३ मध्ये परभणी, आणि २०२४ मध्ये हिंगोली व जालना येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आता शासकीय महाविद्यालय आहे. १९५६ साली औरंगाबादला पहिले निघाले तेव्हा ही कल्पनाही कोणी केली नसती. आता प्रश्न आहे तो या नव्या महाविद्यालयांत अध्यापक किती नेमले जातात, रुग्णालयात खाटा किती आणि प्रयोगशाळेत साहित्य किती याचा. फलक लागला म्हणजे महाविद्यालय झाले, असे समजणाऱ्यांनी अंबाजोगाईच्या सुरुवातीच्या दिवसांची हकीकत तेथील जुन्या मंडळींना विचारावी.

या साऱ्या चर्चेत प्रत्यक्ष अर्ज भरणारा विद्यार्थी आणि त्याचा पालक बाजूला पडतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. राज्याच्या ८५ टक्के जागांचा लाभ घ्यावयाचा तर अधिवासाचा दाखला तर लागतोच. शिवाय सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. देगलूर, बिलोली, धर्माबाद या सीमेवरील तालुक्यांत याचे फार महत्त्व आहे. हैदराबाद अथवा निजामाबाद जवळ पडते म्हणून मुलाला तिकडे अकरावीत घालणारे पालक, घर महाराष्ट्रात असूनही मुलाचा राज्याच्या जागांवरील हक्क घालवून बसतात; आणि हे त्यांना कळते ते नीटचा निकाल लागल्यानंतर, तहसील कचेरीत दाखल्याच्या रांगेत उभे असताना. सीमाभागातील वादग्रस्त गावांच्या मराठीभाषक विद्यार्थ्यांसाठी आणि संरक्षण दलातील कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. त्या माहितीपुस्तिकेत असतात, पण वाचतो कोण? नागपूरची 'एम्स' आणि पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय महाराष्ट्रात असली तरी तेथे महाराष्ट्राच्या विद्यार्थ्याला घरचा म्हणून काही वेगळा वाटा नाही. अभिमत विद्यापीठांतही नाही, आणि त्यांचे शुल्क सामान्य कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या आवाक्यातले नसते. म्हणजे मध्यमवर्गीय घराला खरा पर्याय उरतो तो शासकीय आणि महापालिकांच्या महाविद्यालयांचाच, आणि पसंतिक्रम लिहिताना तेथेच सर्वांत अधिक विचार करावा लागतो. मुंबईचे नाव पाहून लातूरचा मुलगा जवळचे नांदेड खाली लिहितो. पुष्कळदा ते भोजनगृह आणि वसतिगृह यांचा हिशेब न करता.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. प्रवेशाच्या याद्या दरवर्षी प्रसिद्ध होतात. उमेदवाराचा प्रवर्ग, गुणवत्ताक्रम, मिळालेले महाविद्यालय हे सारे त्यांत असते. वैद्यकीय शिक्षण विभागाने आणि प्रवेशपरीक्षा कक्षाने, उमेदवारांची नावे वगळून, आणखी एक तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करावा: राज्याच्या कोट्यातून प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांनी दहावी कोणत्या तालुक्यातून केली. बारावी नव्हे, दहावी. कारण दहावीपर्यंत मूल बहुधा आईबापांच्या गावी असते आणि बारावीला ते लातुरात असते. अर्जात दहावीच्या शाळेची माहिती घेतलीच जाते. तेव्हा तक्ता करण्यास नवीन खर्च नाही. असा तक्ता पाच वर्षांचा हाती आला, की किनवट तालुक्यातून किती जण डॉक्टर होऊ लागले आणि लातूर शहरातून किती, जळकोटमधून एकही झाला की नाही, हे कळेल. विकास मंडळ पुन्हा अस्तित्वात आले, तर त्याच्या पहिल्या बैठकीपुढे ठेवण्यास हा कागद पुरेल. आणि नाही आले, तरी ज्या तालुक्याच्या रकान्यात सलग पाच वर्षे शून्य असेल, तेथल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राची आणि जीवशास्त्राची जागा किती वर्षे रिक्त आहे, एवढे विचारण्याचा आधार तेथल्या पालकांना मिळेल.